दातांच्या डॉक्टरांचं विमान

माझी दाढ ज्या माणसाने काढली, त्याच्या डाव्या हातात त्या वेळी एका विमानाचं चाक होतं. वाटाण्याएवढं, काळं आणि ओलं. खाली ठेवलं तर रंगाला धूळ लागेल म्हणून ते टोचणीच्या टोकावर धरलेलं होतं. उजव्या हातातला चिमटा माझ्या तोंडात घालून डॉक्टर म्हणाले, "मॅडम, चाकाकडे पाहू नका, डोळे मिटा." मी अर्थातच चाकाकडे पाहत राहिले आणि तेवढ्यात दाढ बाहेर आली. दुखलं नाही, पण राग आला. गालात कापूस कोंबलेला असतानाही मी बोलून घेतलं, की दुसऱ्याच्या तोंडात हात घालताना माणसाने निदान हातातलं खेळणं तरी खाली ठेवावं.

"खेळनं नाई मॅडम," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "नमुना."

आरमोरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायला मी वरोऱ्याहून आले होते आणि राहायला जागा शोधत होते. दाढ काढून घ्यायला गेले आणि महिन्याभरात त्याच दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांची भाडेकरू झाले. दवाखाना खाली समोर, डॉक्टर आणि त्यांची बायको, म्हणजे भाभी, मागच्या बाजूला, मी वर. माझ्या फरशीखाली दिवसभर कानशीने घासल्याचा आवाज चाले. तो दातांवर चाललाय की विमानावर, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

डॉक्टर उंच, किडकिडीत. दाढी मेंदीने रंगवलेली. पांढऱ्या कोटावर कायम लाल डाग. नवीन पेशंट दारातून तो कोट पाहून चपला पायात सरकवू लागला, की आतून ओरडत, "रंग आहे बावा, रंग! रक्त थोडं काळं दिसते." याने पेशंटला धीर येई असं त्यांना मनापासून वाटत असे.

खुर्चीवर मान मागे टाकली की वर छताला दोऱ्याने टांगलेली जेट विमानं दिसत. सगळी लढाऊ, सगळी तळहातावर मावणारी, पंख्याच्या वाऱ्याने मंद हलणारी. कोसरी-वैरागडकडचे शेतकरी ती पाहताना आपोआप आ वासत. बाकीच्या डॉक्टरांना "तोंड उघडा, अजून उघडा" म्हणून घसा कोरडा करावा लागतो. आमच्या डॉक्टरांना ते कधी म्हणावंच लागलं नाही.

दातांची हत्यारं आणि विमानांची हत्यारं यात त्यांनी भेद ठेवला नव्हता. दात टोकरायच्या टोचणीने ते पंखावरच्या बारीक रेघा कोरत. तोंडात घालायच्या गोल आरशात विमानाचं पोट बघत. दात भरायचं सिमेंट थोडं जास्तच कालवत आणि पेशंटची दाढ भरून उरलेलं दोन पंखांच्या फटीत लावत. एका पेशंटने विचारलंही, "डॉक्टरसाहेब, हे निघनार तं नाई ना?" तर त्यांनी वर बोट दाखवलं. "ते पाहा. त्याच्यात बी हेच आहे. आजवर एक पंख गळला नाई."

विमानाचं वेड कुठून लागलं, हा प्रश्न मी भोळेपणाने पहिल्याच आठवड्यात विचारला होता. वाटलं, लहानपणीची काही गोष्ट निघेल. ते म्हणाले, "तुम्हाले वरन-भात काऊन आवडते?" गंमत म्हणजे हा माणूस जन्मात विमानात बसला नव्हता. आखातातल्या भाच्याने एकदा तिकीट काढून देतो म्हणून आग्रह धरला, तर यांनी साफ नाही म्हटलं. "आत बसल्यावर विमान दिसते कुठी?" हे त्यांचं म्हणणं. 

प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एक औषध होतं. "सुकू द्या." डिंक लावला, सुकू द्या. दाढ भरली, सुकू द्या. माझं प्राचार्यांशी भांडण झालं आणि मी राजीनामा लिहायला बसले, तर जिन्याच्या खालून आवाज, "मॅडम, सुकू द्या. ओल्यावर हात लावला का बोटाचा ठसा उमटते, मंग निघत नाई." मी लिहिलेलं फाडलं. प्राचार्य दोन वर्षांनी बदलून गेले, मी टिकले.

आता हे सांगायला हवं की मलाही हा रोग आधीपासून होता. वरोऱ्याला भावासाठी आणलेला प्लास्टिकच्या विमानाचा संच मी पळवून पुरा केला होता आणि त्यापायी मार खाल्ला होता. त्यामुळे वर राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत माझं टेबलही खाली दवाखान्याच्या मागच्या खोलीत लागलं. मला पंखेवाली जुनी विमानं आवडायची. डॉक्टरांच्या मते पंखेवालं विमान म्हणजे छताचा पंखा आडवा केलेला.

तिसरा मडावी. धानोऱ्याकडचा वनरक्षक. दात दुखतो म्हणून आला आणि छताकडे पाहत राहिला. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा दात दुखत नव्हता. गोंडाच्या घरातला हा शांत, रुंद खांद्यांचा माणूस. दारातून "जोहार" म्हणे आणि मग तासभर बोलत नसे. त्याला नवं कोरं विमान खपत नसे. "ऊन नाई लागलं याले," म्हणे, आणि कोळशाची भुकटी बोटावर घेऊन पोटाखाली अशी फिरवी, की ते विमान कालच कुठूनसं उतरल्यासारखं वाटे.

आमच्या तिघांचा एक रिवाज होता, त्याला डॉक्टर पोस्टमार्टेम म्हणत. कोणाचंही विमान पुरं झालं की बाजाराच्या दिवशी ते टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्या दोघांनी त्यातल्या चुका काढायच्या. फक्त चुका. तारीफ करायला सक्त बंदी. "तारीफ बाहेर ठेवून या, चपलेपाशी," असं ते दारातच बजावत. माझी जीभ तिखट आहे हे घरच्यांनी मला लहानपणापासून दोष म्हणून सांगितलं होतं. आरमोरीत पहिल्यांदा तिची कोणी कदर केली. माझ्या एका विमानाबद्दल ते म्हणाले होते, "मॅडम, हे विमान नाई, हे शेपटी असलेलं भरलं वांगं आहे." मी आठवडाभर बोलले नाही. मग नीट पाहिलं. वांगंच होतं. मी ते सगळं खोलून पुन्हा केलं.

भाभींना या कशातच रस नव्हता, पण त्यांनी कधी विरोधही केला नाही. "आमच्या घरी मेहमान कमी, विमान जास्त," एवढंच म्हणत. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, त्या रिकाम्या चौकटी त्या जमवत आणि परसातल्या वालाच्या वेलाला चढायला बांधत.

तर अशा आमच्या सुखाच्या संसारात ती जाहिरात आली.

नागपूरच्या एका दुकानदाराने छंदाच्या मासिकाचा जुना अंक डॉक्टरांना पाठवला होता. त्यात एक अख्खं पान. चंदेरी मिग-एकवीस, नाक वर, खाली ढग, आणि लिहिलेलं, की एवढ्या मोठ्या मापातला संच लवकरच येत आहे. माप होतं बत्तीसात एक. म्हणजे खऱ्या विमानाचे बत्तीस हात तर नमुन्याचा एक. आजवर आम्ही करत होतो ती बहात्तरात एक, तळहातावरची. हे तर कोपरापासून बोटांपर्यंत हात धरला तरी पुरून उरेल एवढं होणार होतं. डॉक्टरांनी ते पान माझ्यासमोर धरलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"बत्तीस, मॅडम. दात किती असते मानसाले? बत्तीस! हा आमचाच आकडा आहे."

त्या दिवसापासून डॉक्टर सगळं गाव बत्तिसाने भागू लागले. लग्नाच्या मांडवात जेवायला बसले की म्हणायचे, "हा मांडव बत्तीसात एक केला तं माह्या टेबलावर बसते." वैनगंगेच्या पुलावर उभं राहून त्यांनी पुलाचं माप काढलं. एका लठ्ठ व्यापाऱ्याची दाढ तपासताना, तो बत्तीसात एक केला तर केवढा होईल, हे त्यांनी मला त्याच्यासमोरच सांगितलं. तो व्यापारी पुढे ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे जाऊ लागला.

"लवकरच" या शब्दाला किती ताण देता येतो हे आम्हाला तेव्हा कळलं. पावसाळा गेला, धान कापून झाला, संच आला नाही. एसटीडी बूथमधून डॉक्टर नागपूरला फोन लावत. दुकानदार यांचा श्वास ओळखू लागला होता. "हॅलो" म्हणायच्या आधीच तिकडून "नाही आलं" असं येई. बूथवाला विचारू लागला, "डॉक्टर, विमान आलं काय?" मग भाजीवाली विचारू लागली. मग माझे विद्यार्थी. बस स्टँडपासून दवाखान्यापर्यंत पोचताना मला याच प्रश्नाचं उत्तर देत देत यावं लागे. गावातल्या अर्ध्या लोकांना बहुधा खरंखुरं विमान येणार आहे असंच वाटत होतं.

न आलेल्या विमानावरून आम्ही भांडलोसुद्धा. चंदेरी ठेवायचं की हिरवं रंगवायचं? काच उघडी की बंद? पायलट बसवायचा की नाही, यावर तर डॉक्टर आणि मडावी यांची बोलचाल थांबली. मडावीचं म्हणणं, रिकामं विमान म्हणजे बैलाविना बंडी. डॉक्टरांचं म्हणणं, पायलट दिसला की लोक त्याचंच तोंड पाहतात, विमान कोण पाहते? दोघे एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत बोलत. "मॅडम, त्यांना सांगा..." शेवटी मी वैतागून म्हटलं, की पायलट बसवा, पण तोंड फिरवून बसवा. दोघांनाही ते पटलं. मी थट्टा केली होती.

त्याच हिवाळ्यात डॉक्टरांचा उजवा हात कापू लागला.

मला ते पहिल्यांदा चहाच्या कपात दिसलं. बशीवर कप खुळखुळत होता, आणि मला वाटलं रस्त्यावरून ट्रक जातोय. ट्रक नव्हता. भाभींनी दुसऱ्या दिवसापासून कप अर्धा भरायला सुरुवात केली. डॉक्टर नागपूरला जाऊन दाखवून आले. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की हे जिवाला धोक्याचं नाही, पण हळूहळू वाढत जाईल. आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने दारावर पाटी लावली. दात काढणे बंद, तपासणी व सल्ला चालू. अक्षरं वेडीवाकडी होती. ती पाटी पाहून मी वर गेले आणि रडले, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ते स्वतः दात सोडल्याबद्दल हळहळले नाहीत. "लय काढले," म्हणाले. "लोकाईच्या तोंडात हात घालून उमर गेली. पन मॅडम, हे एक माह्या हातानं झालं पायजे. हात आहे तोवर ते आलं पायजे, बस्." दुसऱ्या कोणी करून द्यावं, हे त्यांना चालणारच नव्हतं. मडावीने एकदा हळूच, "मी जोडून देईन, तुम्ही सांगत जा," असं म्हणून पाहिलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा एक बाजार चुकवून पुढच्याला आला.

आणि आम्ही एक चूक केली. त्या सुमारास त्यांनी एक लहान विमान पुरं केलं. रंगाच्या कडा फिसकटलेल्या, चाकं तिरपी. पोस्टमार्टेमला मडावी म्हणाला, "चांगलं झालं." आणि मीही, माझी जीभ कुठे गेली होती कुणास ठाऊक, म्हटलं, "छान आहे डॉक्टर." त्यांनी ते विमान उचललं, कपाटात ठेवलं आणि कपाट बंद केलं.

"बिमार समजून राह्यले का मले?" ते म्हणाले. "पेशंटले असं बोलतो मी. 'छान आहे, छान आहे,' आन् मंग दात काढतो."

त्यांनी त्या दिवशी आमच्यासोबत चहा घेतला नाही. हात जाण्याची भीती त्यांना होतीच, पण त्याहून मोठी भीती मला तेव्हा दिसली. आमच्या तिघांतून आपण उठणार, आणि आपल्याला एका बाजूच्या खुर्चीवर बसवून लोक गोड बोलणार, ही ती भीती.

तर या माणसाने वाट पाहण्यातही वेळ वाया घालवला नाही. विमान येण्याआधी त्याचं घर बांधायला काढलं. जुना सागवानी पलंग मोडून काचेची पेटी करायची ठरली. सुतार फळ्या रंधत असताना मडावी आला आणि एकदम गणवेशात असल्यासारखा ताठ झाला. "सागवान आहे. डेपोची पावती?" डॉक्टर म्हणाले, "अबे, माह्या लग्नातला पलंग आहे हा!" मडावी ऐकेना. नोकरी म्हणजे नोकरी. शेवटी भाभी बाहेर आल्या आणि तो पलंग आपल्या बापाने दिलाय, तो जंगलात नाही मांडवात उभा होता, असं त्यांनी वनखात्याला सुनावलं. तेव्हा काम पुढे सरकलं.

पेटीचं माप डॉक्टरांनी पुस्तकातून काढलं. विमानाची लांबी भागिले बत्तीस, वर बोटभर मोकळी जागा. मी आकडेमोड तपासली, मडावीने फळी तपासली. पेटी इतकी देखणी झाली की गावातले दोघे-तिघे तशीच पेटी देवासाठी करून मागू लागले. ती रिकामी पेटी दवाखान्यात वर्षभर उभी होती. पेशंट विचारत, "याच्यात काय आहे?" डॉक्टर सांगत, "येऊन राह्यलं."

आणि एक दिवस आलं.

नागपूरच्या बसच्या कंडक्टरने खोकं स्वतः दवाखान्यापर्यंत आणून दिलं, कारण त्यालाही पाहायचं होतं. त्या वेळी खुर्चीत एक बाई आ वासून होत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "बाई, तोंड मिटा, थोडं थांबा," आणि ते खोकं मांडीवर घेऊन खाली फरशीवरच बसले. उघडलं नाही. आधी वरचं चित्र पाहिलं. मग बाजूची चित्रं पाहिली. मग खोक्याच्या कडेला नाक लावून वास घेतला. त्या बाईंनीही वाकून वास घेतला. मडावी बाजाराच्या दिवशी येईपर्यंत आम्ही झाकण उघडलं नाही. तेवढं त्याचं देणं होतं.

उघडलं तेव्हा भाग न संपणारे होते. चौकटीमागून चौकट निघत होती. इंजिन वेगळं, आसन वेगळं, चाकांना खरं रबर. आम्ही तिघे लग्नाचा अहेर उघडावा तसे एकेक भाग हातात घेत होतो. सगळ्यात शेवटी एक लांब, बारीक सुई निघाली.

"हे काय?" मडावी म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ती नाकासमोरची सुई होती, हवेचा वेग मोजायची. मिगच्या नाकातून ती पुढे निघालेली असते हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. जाहिरातीच्या चित्रातही ती दिसत होती. पण पुस्तकातली लांबी नाकापर्यंतची होती. वर्षभर आम्ही त्या पेटीचं कौतुक केलं आणि सुई कोणाच्याच लक्षात आली नाही. तिघेही विमानवेडे असल्याशिवाय एवढी मोठी चूक होत नाही. साध्या माणसाने आधी चित्र पाहिलं असतं, आम्ही आकडे पाहिले.

सुतार म्हणाला, सुई कापा. त्याला चहा न देता घालवण्यात आलं. मग पेटीच्या बाजूच्या फळीलाच दाताच्या मशीनने भोक पाडलं. म्हणजे विमान आत आणि सुई बाहेर. भाभींनी ते भोक पाहिलं आणि म्हटलं, "चला, याले श्वास तं घेता येईन."

जोडायला सुरुवात झाली. मला भीती होती तसंच झालं. पहिल्याच दिवशी आसनाचा भाग हातातून तीनदा उडाला आणि तिसऱ्यांदा तो शोधायला आम्हाला झाडू मागवावा लागला. दुसऱ्या दिवशी खाली गेले तर टेबलाशी तांदळाचं अर्धं पोतं उभं. डॉक्टरांनी उजवा हात त्यात आडवा पुरला होता, आणि फक्त बोटं वर काढली होती. चहूबाजूंनी तांदूळ हाताला धरून होता. थरथर पुरती गेली नव्हती, पण अर्ध्याहून कमी झाली होती. गळ्यात अडकवलेल्या तारेवर त्यांनी चिमटा बांधला होता, भाग त्यात धरायचा आणि तो बोटांपाशी न्यायचा डाव्या हाताने.

"हात हलते तं हलू द्या," ते म्हणाले. "विमान आनू त्याच्यापाशी."

त्या हिवाळ्यात ते रोज सकाळी उन्हात बसून काम करत. भाभी विचारत, "हे चावल आता शिजवू का रंगवू?" आणि खरंच कधी कधी आमच्या भाताला रंगाचा वास येई. मी आणि मडावी त्या टेबलाला हात लावत नसू. मला कितीदा वाटलं, की तो पंख मी दोन मिनिटांत सरळ करून देईन. हात मागे बांधून बसणं हे फार कठीण काम आहे. मी त्यात नापासच व्हायची, म्हणून बहुतेक वेळा वर जाऊन पेपर तपासत बसायची. खालून मधूनच शिवी ऐकू येई, मधूनच गुणगुणणं. गुणगुणणं वाढत गेलं. पेशंटही शहाणे झाले होते. येऊन मुकाट बाकावर बसत, आणि डॉक्टर हात तांदळातून काढून, झटकून, त्यांच्या तोंडात डोकावत.

विमान पुरं झालं तो बाजाराचा दिवस. आम्हाला बोलावणं आलं. टेबलावर रुमालाखाली ते झाकलेलं होतं. डॉक्टरांनी धुतलेला कोट घातला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तो पांढरा पाहिला. भाभीही दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी रुमाल काढला.

मोठं होतं. चंदेरी होतं. आणि, देवा शपथ, वाकडं होतं.

मडावीने ते पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मस्त झालं, डॉक्टरसाहेब. एकदम मस्त."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते हसत होते, पण ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. पेशंट दाराबाहेर जाताना तोंडभर "धन्यवाद" म्हणतो तेव्हाचं हसू. ते हळूहळू खाली बसत होते. माझ्याही मनात एक गोड वाक्य तयार होतं. जिन्यावरून उतरतानाच मी ते घडवून ठेवलं होतं. ते मी गिळलं.

"मस्त काय मस्त?" मी म्हटलं. "मडावी, डोळे कुठी ठेवून आले? डावा पंख पाहा किती पडला. काचेवर डिंकाचा ओघळ. शेपटीवरचा तिरंगा उतरणीले लागला. आन् तो पायलट कोनाकडे पाहून राह्यला, बाजारातल्या भजेवाल्याकडे?"

भाभींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं, आज खोली खाली करावी लागते.

डॉक्टर उठले.

"तिरंगा, मान्य," ते म्हणाले. "डिंक, मान्य. पायलटचं तोंड तुम्हीच फिरवायले सांगतलं होतं. पन पंख? पंख पडला म्हनता? मॅडम, पंख सरळ आहे. टेबल वाकडा आहे."

"टेबल सरळ आहे."

"फिजिक्स शिकवता ना? सिद्ध करा."

मी भाभींकडून पाण्याची परात मागवली आणि टेबलावर ठेवली. पाणी सगळीकडे काठाला सारखं. टेबल सरळ.

"मंग फरशी वाकडी," डॉक्टर म्हणाले. मडावीने खिशातली गोटी काढली. वनरक्षकाच्या खिशात गोटी का होती हे विचारायची ती वेळ नव्हती. ती फरशीवर ठेवली. जागची हलली नाही.

"हं," डॉक्टर म्हणाले. आता त्यांचे डोळे लकाकत होते, दाढी पुढे आली होती. "म्हनजे आख्खं घरच एका बाजूले बसलं. काळी माती आहे इथली, फुगते, बसते. चला बाहेर!"

आम्ही चौघेही परसात गेलो. मी दोऱ्याला दगड बांधला. डॉक्टरांनी तो माझ्या हातून जवळजवळ ओढून घेतला, स्टुलावर चढले आणि दोरा भिंतीच्या वरच्या कडेला धरला. दगड खाली झुलू लागला. झुलतच राहिला. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. आम्ही वाट पाहत होतो. मडावी मान खाली घालून उभा होता. इतके महिने त्या हाताबद्दल त्यांच्यासमोर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"डॉक्टर," मी म्हटलं, "दोरा तुम्ही धरला तर हा दगड पुढच्या दिवाळीपर्यंत थांबत नाही."

क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ते असे हसले, की मडावीला त्यांचे पाय धरावे लागले, नाही तर स्टुलावरून पडलेच असते. भाभी वालाच्या वेलाला टेकून हसत होत्या. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कोणाशी भांडले नाही.

"धरा मंग तुम्ही," डॉक्टर डोळे पुसत खाली उतरले. "मी पाहतो. डोळे माहे एकदम बरोबर आहेत."

मी दोरा धरला. दगड थांबला, भिंतीला अगदी चिकटून, वरपासून खालपर्यंत सारखा. डॉक्टर एक डोळा मिटून वाकले, त्यांनी ती सरळसोट भिंत नीट न्याहाळली, आणि छातीठोक म्हणाले, "पाहा. वाकडी आहे."